दादांचा वेल्क्रोचा शर्ट

"गुंडी लावाय येत न्हाई, मग चार मानसांत कसा हुबा ऱ्हाऊ?"

दादा, म्हणजे माझे वडील, हे एकदाच म्हणाले होते. परवा मी नातीच्या दप्तराचा निघालेला वेल्क्रो शिवत बसले होते, आणि इतक्या वर्षांनी ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही रहिमतपूरजवळच्या एका खेड्यात राहायचो, मी दुसरी-तिसरीत असेन. दादा फौजेत हवालदार होते. लढाईत उजवा हात कोपरापासून गेला आणि ते कायमचे घरी आले.

डाव्या हाताने जेवायला शिकले, जनावरांना वैरण टाकायला शिकले. शर्टाच्या गुंड्या मात्र जमेनात. सासू-सासऱ्यांसमोर सुनेने नवऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही ही घरातली रीत, म्हणून गुंड्या आजी लावायची. एवढा मोठा माणूस आईपुढे हनुवटी वर करून उभा राहायचा... हळूहळू त्यांनी बाहेर जाणंच सोडलं.

तेवढ्यात कराडला आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. मामा म्हणून दादांनाच नवरीमागे उभं राहायचं होतं. तेव्हा ते वाक्य बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

मिलिटरीच्या दवाखान्यातून मिळालेला नकली हात त्यांनी कधी वापरला नव्हता, तो खुंटीला टांगलेला असायचा. त्याच्या पट्ट्यावर एकमेकींना चिकटणाऱ्या दोन पट्ट्या होत्या, एक मऊ, एक खरखरीत. त्याला काय म्हणतात हे कुणालाच माहीत नव्हतं. आईने एका दुपारी कुणाला न विचारता त्या उसवल्या...

पहिला प्रयत्न फसला. शर्टाच्या पुढच्या दोन काठांपैकी जो वर येतो, त्याला आईने खरखरीत पट्टी आतून शिवली, आणि त्या पट्टीने थेट बनियन धरलं. दादा शर्ट ओढतायत आणि बनियन मागोमाग येतंय. आजी म्हणाली, "सूनबाई, मानूस बांधून ठिवायचा इचार हाय व्हय?" दादा हसले. खूप दिवसांनी हसले.

आईने सगळं पुन्हा उसवलं. आता मऊ पट्टी वरच्या काठाला, अंगाकडे तोंड करून. खरखरीत खालच्या काठाला, अंगाकडे पाठ करून. मशीनखाली पट्टी सारखी सरकायची, म्हणून तिने हातानेच चारी कडांनी बारीक टाके घातले. बोटं सोलवटली. काजं शिवून बंद केली आणि वर जुन्याच गुंड्या शिवल्या, नुसत्या दिसायला.

लग्नाच्या सकाळी दादा आतल्या खोलीत एकटे गेले. गळ्यापासून पोटापर्यंत डावा तळवा दाबत नेला असणार... बाहेर आले ते फेटा बांधून घ्यायलाच.

मंगलाष्टकं होईपर्यंत नवरीमागे ते असे ताठ उभे होते, की मी नवरीकडे बघायलाच विसरले.

जेवणं झाल्यावर उकाड्याने त्यांनी गळा मोकळा केला, तसा चर्रर्र आवाज झाला. सगळी पुरुषमंडळी वळून बघायला लागली. एका म्हाताऱ्या पाव्हण्याने कौतुकाने विचारलं, की हा शर्ट मिलिटरीतून मिळाला का?

त्या काळी बायकोचं कौतुक चारचौघांत कुणी करत नसे. दादा मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मिलिटरीनं हात दिला, त्यो खुंटीला हाय. शर्ट आमच्या मंडळींनी शिवलाय."

आणि लोकांना दाखवायला म्हणून गळा पुन्हा लावला, पुन्हा उघडला... दाराआड आईने पदरात तोंड लपवलं होतं. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यापासून दादा एकटे बाजाराला जायला लागले.

आई, ही पोस्ट मी तुला फोनवर वाचून दाखवणारच आहे. एकदा, फक्त एकदा, तुझा फोटो इथे टाकू दे ना... नको म्हणशील, माहीत आहे. तरी विचारते.