पोपटशेठ चढायच्या आधी

"मॅडम, पोपट चढंल तेव्हा मी आधीच बोटीवर पायजे."

जगन्नाथशेठ डुंबरे माझ्या टेबलासमोर बसून हे म्हणाले, तेव्हा त्यांचं तिकीट माझ्या हातात तयार होतं. सिंगापूरहून सुटणारी क्रूझ. बोट दर आठवड्याला तीच बंदरं फिरून परत यायची. आमच्या वाशीच्या ट्रॅव्हल ऑफिसने लागोपाठच्या दोन आठवड्यांना एकेक बॅच लावली होती. जगन्नाथशेठ पहिल्या बॅचमध्ये होते. त्यांचे धाकटे भाऊ पोपटशेठ दुसऱ्या. दोघांनी एकमेकांना न सांगता बुकिंग केलं होतं, आणि दोघांच्या बायकांनी कंपाउंडच्या भिंतीवरून ते एकमेकींना सांगून टाकलं होतं.

"तारीख बदलून देऊ का? दोघं बरोबर जा," मी म्हटलं.

"त्याच्याबरोबर? मी त्याच्याबरोबर पाण्यात पाय बी घालनार नाय. मला दोन्ही फेऱ्या करायच्यात."

"शेठ, दुसऱ्या फेरीत सगळं तेच असतं. तीच बंदरं, तोच मेनू, तेच गाणं-बजावणं."

"असू द्या की. तो येड्यावानी इकडंतिकडं बगत चढंल, आन् मी वरनं बगंल."

मी आत जाऊन आमच्या प्रधानसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रोहिणी, गिऱ्हाईक दोनदा जातो म्हणतंय आणि तू त्याला अडवतेस?" मग जरा विचार करून म्हणाले, "तूही थांब बोटीवर. दोन्ही बॅच तूच सांभाळ."

ऐंशीच्या दशकाची अखेर होती ती. तोवर माझा बोटीचा अनुभव म्हणजे उरणच्या मोरा बंदरातून मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. पण नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. ऑफिसात सगळ्यांची तोंडं आंबट झाली, हे मला त्या दिवशी फार आवडलं.

पहिली फेरी छान झाली. डेकवरच्या खुर्चीत बसून सुमनवहिनींनी, म्हणजे जगन्नाथशेठच्या पत्नीने, मला सगळं सांगितलं. ओतूरला वडील लवकर गेले. जगन्नाथशेठनी धाकट्याला मुंबईला आणलं, हमाली केली, त्याला लिलाव शिकवला. पुढे कांदा-बटाटा मार्केट खाडी ओलांडून वाशीला आलं, तेव्हा पोपटशेठ म्हणाले, मला माझा गाळा वेगळा हवा. शेजारचाच गाळा मिळाला. तेव्हापासून बोलणं बंद. कोणाच्या गाळ्यावर किती ट्रक उतरतात, ते दुसरा बघत बसतो. याने मारुती घेतली की त्याची पण येते. त्याने रंगीत टीव्ही आणला की यांना झोप लागत नाही.

"आणि तुम्ही दोघी जावा?"

"आमचं काय भांडण? आम्ही रोज बोलतो. हे दोघं गाळ्यावर गेले की."

बोटीवर प्रत्येकाला जेवणाचं टेबल ठरवून देतात. रोज तेच टेबल, तोच वेटर. आमचा वेटर फ्रान्सिस, गोव्याचा. पहिल्याच दिवशी जगन्नाथशेठनी त्याच्याकडे कच्चा कांदा मागितला. दुसऱ्या दिवसापासून न मागता चिरलेल्या कांद्याची बशी त्यांच्या पुढ्यात यायला लागली. शेठ खूश. "आपला मानूस हाय," ते सगळ्यांना सांगत सुटले.

फेरी संपते त्या दिवसाला बोटीच्या भाषेत 'टर्नअराउंड' म्हणतात. सकाळी जुने प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढतात, मधल्या काही तासांत शेकडो चादरी बदलतात. पुढच्या फेरीलाही राहणाऱ्यांना 'इन-ट्रान्झिट' म्हणतात. म्हणजे तुम्ही धड जुनेही नाही आणि नवेही नाही. एकदा खाली उतरायचं, शिक्का मारून घ्यायचा, वेगळं कार्ड दाखवून परत वर यायचं. पहिली केबिन पुढे दुसऱ्या कोणाच्या नावावर असली तर सामानही हलवायचं. जगन्नाथशेठची होती.

"माझ्या केबिनीत कोन येनार?" त्यांनी विचारलं.

"कोणीतरी ऑस्ट्रेलियाचं जोडपं आहे."

"त्यांना सांगा, नळ जरा उलटा फिरतो." आणि मग हळूच, "नकाच सांगू."

दुपारी ते इस्त्रीचा सफारी घालून कठड्याशी उभे राहिले. खाली जिन्यावरून दुसरी बॅच चढत होती. पोपटशेठनी एकदाच वर पाहिलं आणि मान खाली घातली. वर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे अजून इथंच? मला वाटलं, निदान समुद्रात तरी त्यांची नजर नसंल."

संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये टेबलांची वाटणी नव्याने झाली होती. जगन्नाथशेठ आपल्या नेहमीच्या टेबलाकडे निघाले आणि मध्येच थांबले. तिथे पोपटशेठ आणि त्यांच्या पत्नी अलका बसले होते. फ्रान्सिस वाकून काहीतरी बोलत होता. आणि पोपटशेठच्या पुढ्यात त्याने चिरलेल्या कांद्याची बशी ठेवली. वाशीचं गिऱ्हाईक म्हणजे कांदा, एवढं तो पहिल्या फेरीत शिकला होता.

"माझा कांदा," जगन्नाथशेठ म्हणाले. एवढंच.

मी हेडवेटरकडे गेले. त्याने तक्ता पाहिला आणि मान हलवली. फ्रान्सिसच्या वाट्याच्या टेबलांत फक्त दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्या पोपटशेठच्याच टेबलाला होत्या. सुमनवहिनींनी क्षणभरही विचार केला नाही. त्या सरळ जाऊन अलकाशेजारी बसल्या. जगन्नाथशेठ माझ्याबरोबर खांबामागच्या टेबलाशी बसले. तिकडे दोघी जावा हसल्या की यांचा चमचा थांबायचा.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत नव्हतं. फ्रान्सिसने आम्हाला पहिल्या आठवड्यात एक विनोद सांगितला होता. मला वाटलं होतं, तो आमच्यासाठी सुचला. तोच विनोद तो आता दुसऱ्या बॅचला सांगत होता, त्याच जागी थांबून, तशाच भुवया उडवून. माझी पहिली बॅच घरी गेली होती. आणि ही नवी माणसं माझ्या बोटीवर 'अय्या, किती मोठी आहे!' करत होती.

दुसऱ्या संध्याकाळी जगन्नाथशेठ उठले. "मी फ्रान्सिससाठी चाललोय. बाकी कोनासाठी नाय." मीही मागून गेले आणि त्या टेबलाशी एक खुर्ची ओढून घेतली. काही झालं तर मध्ये पडायला कोणीतरी हवं होतं.

ते भावाकडे न बघता बसले आणि कार्यक्रम जाहीर करायला लागले. "आता लाइट जातील." लाइट गेले. "आता पेटलेला केक घिऊन सगळे वेटर नाचत येतील." आले. "आता टाळ्या वाजवायला सांगतील."

टाळ्यांसाठी उचललेले हात पोपटशेठनी खाली घेतले. "फ्रान्सिस, इनको बोलो, हमको भी कुछ देखने दो."

"फ्रान्सिस, उनको बोलो, हमने पहले देखा है."

फ्रान्सिस माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "आइस्क्रीम आण."

पुढचं बंदर पेनांग. सगळे फिरायला उतरले. जगन्नाथशेठ म्हणाले, "बगितलंय," आणि राहिले. सलग फेऱ्या करणाऱ्यांना मिळणारी खरी चैन हीच. बंदराच्या दिवशी अख्खी बोट रिकामी असते. पण शेठ त्या रिकाम्या डेकवर एका कडेला बसून किनाऱ्याकडे डोळे लावून होते.

मी चहा घेऊन गेले. ते आपणहून बोलायला लागले.

"त्याला समुद्र पहिल्यांदा मी दावला, मॅडम. गिरगावच्या चौपाटीवर. खांद्यावर बसवून. तो असा वरडला, लोकं बगायला लागली. मागल्या आठवड्यात ही बंदरं बगताना सारखं मनात यायचं, पोपट हे बगून काय म्हनंल. म्हनून तर थांबलो. म्हटलं, त्याचं तोंड तर बगायला मिळंल." चहा तसाच राहिला. "आता तो तिकडं बगतोय. शेजारी दुसरंच कोन कोन हाय."

 मी कप उचलून नेला.

संध्याकाळी पोपटशेठ आले ते लालबुंद होऊन, धुळीने माखून. ते आमच्या ठरलेल्या बसने गेलेच नव्हते. अलकाला घेऊन टॅक्सी केली होती. दादांनी जे पाहिलं ते आपण बघायचंच नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. टेबलाशी बसल्या बसल्या ते फ्रान्सिसला मोठ्याने म्हणाले, "फ्रान्सिस, हम पहाड पे गया था. रेल का डब्बा एकदम सीधा ऊपर चढता है. मालूम है?"

जगन्नाथशेठचा घास हातातच राहिला. पहिल्या फेरीत आमच्या कार्यक्रमात ती टेकडी नव्हती. त्यांनी ती पाहिलेली नव्हती.

फ्रान्सिस म्हणाला, "मालूम है साब, पर मैंने कभी देखा नहीं."

 पोपटशेठ सूप प्यायला लागले. सुमनवहिनी आणि अलका एकमेकींकडे बघत होत्या. जगन्नाथशेठनी कांद्याची फोड उचलली, ठेवली, परत उचलली. मत्सर माणसाला काय काय करायला लावतो, हे मी तेव्हा अगदी जवळून पाहिलं. ते भावाकडे वळले.

"वर काय होतं रं?"

पोपटशेठनी चमचा खाली ठेवला. आधी मला वाटलं, सांगणारच नाहीत. मग ते म्हणाले, "दादा, डबा असा चढतो, असा," आणि हात उभा केला. "आपल्या नाणेघाटाच्या वाटेवानी. आन् वर गेलं की ढग खाली. अलका घाबरली."

"मी नाही, तुम्ही घाबरलात," अलका म्हणाली.

"खरं का?" जगन्नाथशेठ म्हणाले. "डोळे मिटले आसतील यानं. चौपाटीवर बी मिटले होते."

पोपटशेठ सांगत गेले. इतके सांगत गेले की मुख्य जेवण थंड झालं आणि फ्रान्सिसने दोनदा परत नेऊन गरम करून आणलं. कांद्याची बशी मध्ये सरकवली गेली. कोणी सरकवली, ते मला दिसलं नाही.

गाळे एक झाले नाहीत. वाशीला परतल्यावर ट्रक मोजणं चालूच राहिलं, असं सुमनवहिनी म्हणाल्या. फक्त आता एकजण मोजून दुसऱ्याला तोंडावर सांगायचा.

सिंगापूरला उतरताना जगन्नाथशेठनी मला हळूच विचारलं, "मॅडम, या बोटीची पुढली फेरी कवा? ती टेकडी राह्यली."

त्यानंतर मी पुष्कळांना लागोपाठच्या फेऱ्यांचं बुकिंग करून दिलं. दोन्ही फेऱ्यांना एकच केबिन मागा, मेनू तोच असेल, विनोदही तेच असतील, हे सगळं सांगते. आणि आणखी एक सांगते. पहिल्या फेरीत सगळं बघून टाकू नका. दुसऱ्या फेरीत कोणाला तरी विचारण्यासारखं काही उरलेलं असावं.