बेकरीवाल्याची जीभ

पहाटे पीठ मळून झालं की बेकरीवाला त्यातला चिमूटभर गोळा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थुंकून टाकायचा. मीठ बरोबर पडलंय की नाही, हे त्याला तेवढ्यात समजायचं. वजनकाटा होता, पण "काट्याला काय कळतंय चवीतलं?" असं म्हणून तो त्याला हिंग लावून विचारत नसे.

गेलं वर्षभर मात्र गडी खंगत चालला होता. पोट फुगायचं, सारखं तोंड यायचं, मैद्याचं पोतं उचललं की धाप लागायची. शेवटी रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतडं पाहिलं, आणि डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला.

"तुमच्या शरीराचे पहारेकरी गव्हाला चोर समजतात. त्याला झोडपता झोडपता तुमचंच आतडं सोलून काढतात. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं? गहू कायमचा बंद."

"बेकरीवाल्याला?"

"हो, बेकरीवाल्यालासुद्धा."

त्याने मनावर घेतलं. पाव, बिस्किटं, केक, सगळ्यावर पाणी सोडलं. तोंडाला मास्क लावून मैदा चाळू लागला. तरी काही महिन्यांनी रक्ताचा अहवाल होता तसाच. "हे असंच राहिलं तर भट्टी सोडावी लागेल," बाई म्हणाल्या, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला दुसरं काही येतच नव्हतं, आणि यावंसंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको त्याचा डबा घेऊन बेकरीत आली आणि दारातच थबकली.

"अहो, मास्क खाली करून तोंडात काय घातलंत?"

"मीठ बघतोय."

"पीठ आहे ते!"

"खातोय कुठे? थुंकतोय की!"

बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्याच्या कानाला धरला. "अहो, कणभर गहू पोटात गेला तरी पहारेकरी उठतात! आणि तुम्ही त्यांना रोज पहाटे जागं करताय."

आता चव घ्यायची कोणी? बायकोने आधीच हात वर केले. राहिल्या सासूबाई. जावयाचा पाव अळणी असतो, हे त्या लग्नापासून सांगत आल्या होत्या.

त्या स्टूल टाकून पिठाशेजारी बसल्या. "अळणी."

त्याने दातओठ खात मीठ घातलं. "आता, आई?"

"अजून चिमूटभर, जावईबापू. चिमूट म्हटलं की तुमचा हात एवढा आखडतो का हो?"

पुढचा अहवाल आला तेव्हा उठलेल्या पहारेकऱ्यांचा आकडा निम्म्याहून खाली आला होता. भट्टी वाचली. पोतंही तो आता एका दमात उचलत होता. घरी येऊन त्याने आधी सासूबाईंना बातमी दिली.

"तब्येत सुधारली, ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "आणि पाव?"

हल्ली ट्रे दुपारच्या आधीच रिकामे होत होते. तो खाली मान घालून पुटपुटला, "सुधारला."

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला. माझ्या लेकीलाही ऐकू द्या."