आईनं "हो" म्हटलं होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही.

आईला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्याचे कागद माझ्याकडे, औषधांच्या वेळा माझ्याकडे. ऑपरेशननंतर तिचा डावा हात सुजायचा. रोज संध्याकाळी मीच तो हलके चोळून द्यायचे. मला वाटायचं — आता आई पुरती माझी आहे. असं वाटणं वाईट का? तेव्हा तसं वाटलं नाही.

मग कुसुममावशी भेटली. नरखेडकडच्या एका खेड्यातली, याच दुखण्यातून जात असलेली. तिच्याकडे फोन नव्हता; भेट व्हायची ती केमोच्या तारखेलाच. एकदा आईच्या ब्लाउजकडे बघून तिनं सरळ विचारलं, "काय भरलं वं त्यात?"

"मोहरी. वजन बरोबर येते."

"मंग उन्हात नको फिरू माय, तडतडन!"

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी शेजारीच बसले होते. काढलेल्या स्तनाच्या जागी ठेवायची ती पिशवी आईनं कधी शिवली, तिच्यात काय आहे — मला माहीतच नव्हतं. माझ्यासमोर ती पदरसुद्धा सरकू देत नसे.

मला त्या हसण्याचा राग आला. राग नाही — हेवा.

उपचार संपले तेव्हा दवाखान्यानं एक फॉर्म दिला. झोप लागते का, हात दुखतो का, मन रमतं का. आईला सहीपुरतंच लिहिता येतं. मी वाचायचे, ती सांगायची, मी भरायचे. 'मनातलं कोणाशी बोलता?' आई म्हणाली, "कुसुमसंग." मी लिहिलं — मुलगी. एकदा खोटं लिहिलं की पुढचं सोपं जातं का? शेवटी विचारलं होतं, उपचार झालेल्या बायकांचा गट दर महिन्याला भरतो, त्यात यायचं आहे का? माझं वाचून व्हायच्या आत आई म्हणाली, "हो लिही. कुसुम बी येईन."

मी 'नाही'वर खूण केली. आईनं खाली सावकाश सही केली. ती सही मीच तिला शिकवली होती.

महिनाभर ती फोन जवळ घेऊन बसायची. मग एक दिवस म्हणाली, "आपल्यासारखीले काहून बोलावतीन वं? शिकल्या-सवरल्या बाया पाह्यजे असतीन त्यायले."

मी म्हटलं, "हो, तसंच असन." गप्प राहता आलं असतं — तेवढंही केलं नाही.

डॉक्टर म्हणतात, आई बरी आहे. तपासणीला गेलो की गटाची खोली वाटेतच लागते. आतून बायकांचं बोलणं ऐकू येतं. तिथं आईची चाल मंदावते. न बोलावता कसं जायचं, म्हणून ती आत जात नाही. मग माझ्या मागे येते.

आणि खरं सांगते — ती आली की मला अजूनही बरं वाटतं.