उन्हातली इस्त्री

गल्लीत त्यांना सगळे कडकताई म्हणत. इस्त्री कडक म्हणून की जीभ कडक म्हणून, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. नवरा गेल्यावर जिन्याखालच्या खोलीत टेबल टाकून त्यांनी दोन पोरींचं शिक्षण एकटीने रेटलं. लोक संध्याकाळी कपडे टाकत आणि सकाळी घड्या घेऊन कामाला जात.

पै पै साठवून त्यांनी छपरावर सोलर बसवलं, तेव्हा हिशेब सरळ होता. दिवसा जितकी युनिटं वीज कंपनीला द्यायची, तितकीच संध्याकाळी परत घ्यायची. मग नियम बदलला. मीटर बघायला येणारा म्हणाला, "ताई, आता दिवसाचं युनिट कंपनी स्वस्तात घेणार आणि संध्याकाळचं पुऱ्या भावाने देणार. ऊन असतानाच इस्त्री करा, नाहीतर हातात काही उरायचं नाही."

"आणि कपडे काय ऊन बघून येणार आहेत?"

"लोकांना विचारून तर बघा."

टेबल बंद पडलं तर धाकटीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष अडणार होतं. कधी कुणापुढे हात न पसरलेल्या कडकताई मग दारोदार फिरल्या. सकाळऐवजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपडे न्याल का, एवढंच त्यांनी कधी नव्हे त्या मऊ आवाजात विचारलं. कुणीही आढेवेढे घेतले नाहीत. समोरचे बसकंडक्टर भाऊ तर म्हणाले, "माझ्याकडे गणवेशाचे दोन जोड आहेत. काळजी सोडा."

आठवड्याने ताई त्यांच्याच बसमध्ये चढल्या. भाऊंचा शर्ट पार चुरगळलेला होता. आठवडाभर त्यांचा एकही शर्ट टेबलावर आला नव्हता, हे ताईंना तेव्हा उमगलं.

"दुसरा जोड कुठे आहे, भाऊ?"

"धुवायला टाकलाय."

ताईंनी चुरगळलेल्या कॉलरकडे बोट दाखवलं. भाऊ ओशाळं हसले. "एकच आहे, ताई. पण चुरगळलेल्या शर्टानेही तिकिटं फाटतात."

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माणसं आपल्यासाठी एवढं सोसतात आणि बोलूनही दाखवत नाहीत, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. "आज संध्याकाळी शर्ट घेऊन यायचा," त्या म्हणाल्या.

पुऱ्या भावाच्या विजेवर त्यांनी तो शर्ट इस्त्री केला, कॉलर दोनदा दाबली. भाऊंनी पैसे द्यायला खिशात हात घातला, तेव्हा ताईंनी त्यांना असं काही खडसावलं, की गल्लीला हायसं वाटलं.