भीमेच्या दरडीवर एक रविवार

दौंडच्या रेल्वे कॉलनीत रविवार म्हणजे दुपारपर्यंत लोळायचा दिवस. आमच्या नशिबातून हे सुख नानांनी काढून घेतलं. नाना म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधले निवृत्त गार्ड. नोकरी संपली, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. भीमेच्या काठाकाठानं मेंढपाळांची एक जुनी वाट जाते, वर डोंगरापासून पार खाली सोलापूरच्या मुलखापर्यंत. ती दर रविवारी थोडी थोडी चालायची, असं नानांनी ठरवलं आणि आम्हाला कळवलं. विचारलं नाही.

आम्ही म्हणजे तारघरात नोकरी करणारी मी, रेल्वे दवाखान्यातल्या नर्स सुशीलाबाई आणि शाळेतले शिंदे मास्तर. मास्तर कानाला ट्रान्झिस्टर लावून चालत. कुठंतरी कसोटी सामना चालू असायचाच. त्यामुळे निसर्ग त्यांना बॅटरी संपल्यावरच दिसे.

त्या रविवारी नदीपलीकडच्या वडगाव रासाईला पोचायचं होतं. सुशीलाबाईंचं माहेर तिथलं. भावानं जेवायला बोलावलं होतं, म्हणून मास्तरसुद्धा वेळेवर हजर होते. मागच्या खेपेला जिथं थांबलो होतो, त्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो.

"हितं कुनाचं लगीन हाय व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"लग्न नाही. आम्ही चालायला आलोय," मी म्हणाले.

"मग गाडीत कशाला बसला?" असं म्हणून त्यानं घंटी मारली.

थंडी सरत आली होती. डाव्या हाताला हरभरा आणि ऊस, उजव्या हाताला दरड (नदीचा उभा, उंच काठ). वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, आणि मुरमात पाकोळ्यांची बिळं. पुरानं दरड खालून पोखरलेली, त्यामुळे वाट काही ठिकाणी नुसती हवेवर टेकलेली. नाना सगळ्यांच्या पुढं, छाती काढून. कुणी रेंगाळलं की शिट्टी. मला चपलेतला खडा काढायलाही त्यांची परवानगी लागे.

एका वळणावर वाट आत शेतात वळली. आम्ही वळलो. नाना सरळ गेले.

धप्पकन आवाज झाला, धुरळा उठला आणि नाना दिसेनासे झाले. मास्तरांनी पहिल्यांदाच ट्रान्झिस्टर बंद केला. मग खालून शिट्टी वाजली. मी पोटावर आडवी होऊन डोकावले. दरडीच्या मध्यावर ताटाएवढ्या जागेत नाना पाठ टेकवून उभे होते. खाली खडक आणि काळा डोह.

"हलू नका नाना!" मी ओरडले.

"हलायला जागा कुठाय?" नाना म्हणाले.

मास्तर धावत जाऊन हरभऱ्याच्या शेताच्या मालकाला, आप्पांना, घेऊन आले. आप्पांच्या खांद्यावर नाडा (विहिरीच्या मोटेचा जाड दोर) होता. "इंजिन बसवल्यापासनं नुसता पडून हाय," ते म्हणाले. मग खाली बघून त्यांनी नानांना ऐकवलं, "हितनं रोज माझ्या शेळ्या जात्यात. त्या बी पडत न्हाईत!"

नाड्याचं एक टोक बाभळीला बांधून दुसरं खाली सोडलं. ते बरोबर नानांच्या तोंडासमोर लोंबलं. नानांनी हात पुढं केला आणि हवेत चाचपडू लागले. दोर इथं, हात तिथं.

"बाई, दोर कुठं हाय?"

"नाना, तुमच्या नाकासमोर आहे," मी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मागच्याच रविवारी नानांनी एका बुजगावण्याला रामराम घातला होता आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. मला वाटलं होतं, त्यांनी मुद्दाम गंमत केली.

सुशीलाबाईंनी पदर खोचला. "मला सोडा खाली. मी याच नदीवर वाढलेय," त्या म्हणाल्या. नाडा वर ओढून त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधला. आप्पा, मास्तर आणि मी दोर धरून बसलो. माझे तळहात सोलवटले. खाली पोचून त्यांनी एका हातानं मुळी धरली, दुसऱ्या हातानं कमरेचा नाडा सोडून नानांच्या काखेखालून अडकवला, आणि तापातल्या रोग्याशी बोलावं तशा बोलू लागल्या, "आता डावा पाय. वर खाच आहे. घाबरू नका, मी खाली आहे." आधी नाना वर आले, मग नाडा पुन्हा खाली सोडल्यावर त्या. वर येताच त्यांनी नानांची नाडी बघितली. नंतरच त्या बाभळीखाली टेकल्या.

"डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो," नाना हळूच म्हणाले. "मुदतीआधी घरी बसवलं. बायकोला, मालनला सांगितलं, कंटाळा आला म्हनून मीच नोकरी सोडली. घरी बोलू नका."

आप्पांनी त्यांना पाणी पाजलं, तुडवलेल्या हरभऱ्यावरून आम्हाला झाडलं आणि त्याच हरभऱ्याचे डहाळे आमच्या हातात कोंबले.

नदी काहिलीतून (गूळ करायची मोठी लोखंडी कढई) पार केली. ती स्वतःभोवती गरगर फिरत होती आणि तिच्यात बसून मास्तर शांतपणे हरभरा सोलत होते. पलीकडं सुशीलाबाईंचे भाऊ उभे. "जय भीम! या, या. उशीर केलात," म्हणाले. बाजरीची भाकरी आणि मरळ माशाचं झणझणीत कालवण. नानांनी खाली मान घालून जेवण केलं. माशाचे काटे सुशीलाबाईंनी काढून दिले.

तिन्हीसांजेला दौंडात परतलो. दारात मालनकाकू. नानांचा फाटलेला सदरा, खरचटलेलं कोपर त्यांनी एका नजरेत टिपलं.

"सायकलवाला धडकला," मास्तर चटकन म्हणाले.

नानांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाई. दरडीवरनं पडलो. मला धड दिसत न्हाई, मालन. कंटाळा आला, ते खोटं होतं."

काकूंनी त्यांचं कोपर पदरानं पुसलं. "ठाऊक हाय मला. तांब्या कायम त्याच कोपऱ्यात, चपला कायम उंबऱ्याच्या डाव्या अंगाला. उगंच ठेवते व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगायची वाट बघत हुते." त्यांनी डोळे पुसले. "आता हिथून पुढं मी बी येनार. हात धरून चालीन तुमचा."

नाना दचकले. "भर रस्त्यात? लोक हसतील की!"

"हसू देत. तुमास्नी कुठं दिसनार हाय?"

सगळ्यांच्या आधी नाना हसले. इतके, की त्यांना खाली पायरीवर बसावं लागलं. काकूही शेजारी बसल्या.

मी घरी येऊन सोलवटलेले तळहात गार पाण्यात बुडवले. इतके रविवार आम्ही या माणसामागून चाललो आणि त्याच्या शिट्टीला कंटाळण्यापलीकडं काही केलं नाही. भिंतीपलीकडून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं.