हज्जियाला दिलेली धुरी

सर्व वाचकांना, विशेषतः माझ्या माहेरच्या मंडळींना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने बहारीन या बेटावर एका सत्तरीच्या, प्रतिष्ठित आणि सर्वस्वी निरपराध बाईला घराच्या उंबरठ्यावरून हाकलून दिले. हाकलताना लेखिका हसत होती. अंगावर ठेवणीतली नारायणपेठ होती, आणि आत त्याच बाईसाठी वाटीभर श्रीखंड काढून ठेवलेले होते. बातम्या आपल्याकडे वाटेत फुगतात, म्हणून मूळ हकीकत माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

निघायच्या दिवशी सकाळी आमच्या सांगलीच्या घरी शेजारचे दत्तोपंत निरोप द्यायला आले. निरोप देऊन माणूस जातो अशी माझी समजूत होती. दत्तोपंत बसले. त्यांनी तीन कप चहा घेतला, विमानात कान कसे दुखतात ते सांगितलं, आणि ते स्वतः कधी विमानात का बसले नाहीत तेही सांगितलं. मला मुंबईपर्यंत पोचवायला निघालेले आमचे हे घड्याळाकडे बघून खोकत होते. दत्तोपंतांनी त्यांना खोकल्यावर ज्येष्ठमध सुचवलं. मुंबईची गाडी आम्हाला अक्षरशः पळत जाऊन पकडावी लागली. पाहुण्याला "आता उठा" असं गोड शब्दांत सांगायची काही सोय आपल्या संस्कृतीत का नाही, हा विचार मी थेट विमानाच्या शिडीपर्यंत करत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

बहारीनच्या विमानतळावर माझा धाकटा भाऊ वसंता पिकअप घेऊन हजर होता. वसंता शेतकी पदवीधर. तीन वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा गोरा होता, आता भाजक्या शेंगदाण्यासारखा झाला होता. सोबत वसईचा पास्कल होता. पास्कलच्या घरी केळीची आणि फुलांची वाडी, पण पठ्ठ्याने इथे येऊन बारा वर्षं एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या, आणि मग कंटाळून पुन्हा मातीत आला. त्याला अरबी उत्तम येत होतं. त्याने माझी ट्रंक उचलली आणि म्हणाला, "ताई, यात माणूस आणलास की काय?" मी म्हटलं, गोडा मसाला आहे. त्याने ट्रंक अशी अलगद ठेवली की जणू आत बाळ झोपलं आहे.

सौदीला जोडणारा पूल त्या वर्षी समुद्रात अर्धाच उभा होता. आम्ही मनामा शहर ओलांडून पश्चिमेकडे निघालो, तशी वाळू मागे पडत गेली आणि दोन्ही बाजूंना खजुरीच्या बागा लागल्या. वाळवंट बघायला म्हणून मी आले होते, आणि हे तर अलिबागसारखं दिसत होतं. मी तशी तक्रारही केली.

वसंताचं शेत या बागांच्या मधोमध होतं. एका कडेला जत (आपली लसूणघास) हिरवीगार माजलेली, आणि दुसऱ्या कडेला बरस्तीखाली (खजुराच्या झावळ्यांचा मांडव) लॅव्हेंडरचे ताटवे. राखाडी पानांची, गुडघाभर उंचीची झुडपं, वर जांभळे तुरे. वास म्हणाल तर मरवा, कापूर आणि नुकतीच आंघोळ केलेली मावशी, तिन्ही एकत्र. मार्च महिना होता, फूल ऐन भरात होतं, आणि मधमाश्यांचा असा गलका चालला होता की बोलताना आवाज चढवावा लागे.

आता पेच सांगते. शेताचे मालक अबू यूसुफ हौशी गृहस्थ. परदेशात उपचाराला गेले असताना तिथे लॅव्हेंडरचं शेत पाहून आले आणि रोपं घेऊनच परतले. पहिल्या उन्हाळ्यात सगळी रोपं मेली. पुन्हा मागवली, तर दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी मेली. तिसऱ्या वर्षी वसंताने मांडव घातला, खारं पाणी तोडून गोडं पाणी दिलं, दुपारी ओली गोणपाटं टांगली, आणि झुडपं जगली. पण जमीन होती मालकांच्या आईच्या, म्हणजे बड्या हज्जियाच्या (हज करून आलेल्या बाईला तिथे असं म्हणतात), नावावर. हज्जियाला पांढऱ्या गाढवांचा शौक. तिचं म्हणणं सरळ होतं: गाढवं जत खातात, हे जांभळं गवत तोंडात घेऊन थुंकतात, तर मग ते लावायचं कशाला? येत्या गुरुवारी दुपारी ती स्वतः येऊन बघणार होती. पसंत पडलं तर लॅव्हेंडर राहणार, वसंता राहणार, आणि मालकांनी कबूल केल्याप्रमाणे त्याच्या बायकोला, सुधाला, आणि चार वर्षांच्या पोरीला व्हिसा मिळणार. नापसंत झालं तर सगळीकडे जत. जत लावायला शेतकी पदवीधर लागत नाही.

वसंता हे सांगताना लेकीचा फोटो हातात घेऊन बसला होता. मी पदर खोचला. म्हटलं, लॅव्हेंडरचे घरगुती उपयोग ना? हज्जियाला एकवीस दाखवू.

त्या आठवड्यात मी जे काही केलं त्याला पास्कल "ताईची प्रयोगशाळा" म्हणे. वाळवलेल्या तुऱ्यांच्या पुरचुंड्या करून मी कपड्यांत ठेवल्या; डांबराच्या गोळ्यांपेक्षा शंभर पटीने बऱ्या. हा प्रयोग यशस्वी. मग कडुलिंबाच्या पाल्यासारखा किडे न लागण्यासाठी तांदळाच्या डब्यात लॅव्हेंडर घातला. किडे लागले नाहीत हे खरं, पण भातही कोणाला लागला नाही. तीन दिवस आम्ही साबणाच्या चवीचा वरणभात खाल्ला. उशीत भरला, तर वसंता इतका गाढ झोपला की सकाळची पाण्याची पाळी चुकली. खोबरेल तेलात कढवून डोक्याचं तेल केलं. ते पास्कलने चांगलं चपचपीत थापलं आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्साला गेला. जाताना वाटेत ताटव्याजवळ दोन मिनिटं थांबला, तेवढ्यात मधमाश्यांनी त्याला आपला मानला. चर्चच्या पायरीपर्यंत सात-आठ जणी सोबत होत्या म्हणे. फादरनी त्याला शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसवलं.

श्रीखंड मात्र साधलं. लबन (तिथलं ताक-दही) फडक्यात टांगून चक्का केला आणि वेलदोड्याच्या जागी चिमूटभर लॅव्हेंडर घातला. वसंताने डोळे मिटून खाल्लं आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. शेवटी म्हणाला, "ताई, हे चालेल."

पण मला काहीतरी डोळ्यांत भरेल असं हवं होतं. बुधवारी मनाम्याच्या बाजारात ते सापडलं: मबखर, म्हणजे त्यांचं धुपाटणं. लाकडी, चौकोनी, चहूबाजूंनी आरशाचे तुकडे आणि पितळी खिळे. निखारा ठेवायचा, वर सुगंधी लाकूड टाकायचं. दुकानदाराला मी हिंदीत विचारलं, हे कशासाठी. तो म्हणाला, "मेहमान के लिए." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडे लग्नात मांडवाच्या दाराशीच मनगटाला अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. हे तेच असणार. हज्जिया दारात आली की लाकडाऐवजी लॅव्हेंडरची धुरी. पहिला श्वास घेतला की बाई आपल्या खिशात. वसंतालाही हे फार पसंत पडलं. पास्कलला मात्र सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण त्याला थक्क करायचं होतं.

तो झाला म्हणा थक्क.

गुरुवारी दुपारी पास्कल हज्जियाला गाडीतून घेऊन आला. काळ्या अबायातली (पायघोळ झगा) उंच, ताठ बाई. हातात काठी, पण टेकण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. मी दारात उभी राहिले. डोक्यावर पदर, हातात धगधगतं मबखर, त्यावर मूठभर लॅव्हेंडर. जांभळट धुराचा लोट उठला. मी तो तिच्यापुढे धरला आणि माझं उत्तमातलं उत्तम हसू हसले.

हज्जिया थांबली. तिने धुपाटण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा धुपाटण्याकडे. त्यानंतर अतिशय शांतपणे तिने अबायाची कड उचलून धूर आत घेतला, डोक्यावरच्या कापडाला दिला, दोन्ही तळहात त्यावरून फिरवले, अरबीत काहीतरी आशीर्वादासारखं पुटपुटली, आणि वळून गाडीकडे चालू लागली. गाडीत काही विसरली असेल असं मला वाटलं. मी तर हातसुद्धा हलवला. तेवढ्यात मला तिच्या मागे उभा असलेला पास्कल दिसला. दोन्ही हात डोक्यावर, तोंड उघडं. पण हज्जिया गाडीत बसून काठीने दार ठोकत होती, त्यामुळे त्याला निमूटपणे गाडी वळवावी लागली.

तासाभराने तो एकटाच परतला. "ताई," तो म्हणाला, "इथे धूप शेवटी देतात. खाणं झालं, गहवा (त्यांची कॉफी) झाला, गप्पा झाल्या, मग धूप. धूप आला म्हणजे आता उठा. तू तिला दारातच खलास केलीस."

मी वसंताकडे पाहिलं. तीन वर्षं इथे राहिलेला माणूस. तो खताच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला की ईदला मालकांच्या घरी धूप आला की सगळे उठायचे हे खरं. पण जेवण संपलं म्हणून उठतात असं त्याला वाटायचं.

 शनिवारी वसंताने ट्रंक पुसायला काढली. लेकीचा फोटो भिंतीवरून उतरवून त्याने शर्टांच्या घडीत ठेवला, आणि त्या शर्टांना माझ्या पुरचुंड्यांचा वास येत होता, ते बघून मला पहिल्यांदा रडू आलं. एवढी वर्षं मी लोकांना हसवणारे लेख लिहून पोट भरलं, आणि सख्ख्या भावाचा संसार धुपाटण्यावर ठेवला.

रविवारी सकाळी गाडी आली. हज्जिया उतरली, आणि यावेळी कोणी काही हातात धरायच्या आत सरळ आत येऊन बसली. पास्कल दुभाष्या झाला. ती म्हणाली, सत्तर वर्षांत मला कोणी दारातून घालवलं नव्हतं, तेव्हा आधी त्या बाईचं तोंड नीट बघायला आले. माझं तोंड तिने बराच वेळ पाहिलं. मग पुढे बोलली. गुरुवारी घरी गेल्यावर सगळ्या सुनांनी विचारलं, हा कुठला धूप? एरवी माझ्यापासून चार हात लांब बसणारी धाकटी सून संध्याकाळभर शेजारी येऊन बसली. अबाया धुवायला दिला नाही मी अजून.

मी श्रीखंड पुढे केलं. तिने खाल्लं. पुन्हा वाटी पुढे केली. मग पोहे, मग भजी, मग फिंजानात (बिनकानाचा छोटा कप) गहवा. मधेच उठून तिने ताटव्यात काठी घेऊन फेरफटका मारला, एक तुरा चुरगाळून हुंगला, वसंताला झावळ्यांचा मांडव पुढे किती वाढवता येईल ते विचारलं. वसंता उत्तर देताना अडखळत होता. ती पुन्हा येऊन बसली. दुपार झाली, आम्ही जेवण वाढलं, ती जेवली. साडेतीन झाले. चार झाले. पास्कलची मान छातीवर टेकली. हज्जिया काही हलेना. मबखर मी पलंगाखाली पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं, आणि त्याला हात लावायची माझी छाती नव्हती.

पाच वाजता हज्जियाने काठी जमिनीवर आपटली, आणि पास्कलकडे न बघता थेट मला म्हणाली, "बाई, धुआँ किधर? मैं घर जाना."

तिचा नवरा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जायचा, आणि नवी नवरी असताना तिने दोन वर्षं तिथे काढली होती, हे मग कळलं. सकाळपासून आमची आपापसातली कुजबूज तिला किती समजली होती, ते विचारायचं धैर्य कोणाला झालं नाही. मी धावत जाऊन निखारे पेटवले. तिने समाधानाने धूर अंगाखांद्यावर घेतला, आणि उंबरठ्यावर थांबून वसंताला म्हणाली, बीबी को बुलाओ, पण तिला सांग, धुआँ आखिर में.

हिवाळ्यात सुधा आणि पोर तिकडे गेल्या. जतीचा निम्मा पट्टा मोडून लॅव्हेंडर वाढला, आणि गाढवांनी त्याबद्दल काय मत दिलं ते वसंताने पत्रात लिहिलं नाही.

मी मात्र ट्रंकेत गोड्या मसाल्याच्या जागी लॅव्हेंडरची थैली आणि ते मबखर घेऊन सांगलीला परतले. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी परत आले ती एका शस्त्राची मालकीण होऊन. जी सोय आपल्याकडे नाही म्हणून मी विमानाच्या शिडीपर्यंत हळहळले होते, ती आता माझ्या मांडीवर होती, आरशांची आणि पितळी खिळ्यांची.

तिसऱ्याच दिवशी दत्तोपंत आले. प्रवासाची हकीकत ऐकायला आले, आणि स्वतःचीच सांगू लागले. पहिला चहा झाला, दुसरा झाला. आमचे हे खोकले. मी शांतपणे आत गेले, निखारे ठेवले, मूठभर लॅव्हेंडर टाकला, आणि पदर सावरून मबखर थेट दत्तोपंतांच्या पुढ्यात धरलं. धूर त्यांच्या टोपीभोवती फिरला. दत्तोपंतांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, दोन्ही पाय सोफ्यावर घेतले आणि म्हणाले, "वहिनी, काय झकास वाटलं हो. आता जेवूनच जातो."