सरांच्या मुठीतला गळ

मला मासेमारीतलं कळतं, असा सरांचा समज माझ्यामुळेच झाला. माग बंद असले की आमचे वडील पंचगंगेवर गळ टाकून बसतात आणि लहानपणी मीही त्यांच्यासोबत जायचो, असं मी एकदा जेवताना बोलून गेलो होतो. वडील इचलकरंजीजवळ कबनूरला यंत्रमागावर कामाला आहेत आणि आई घरी मशीनवर मागासाठी सुताच्या कांड्या भरते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला.

कॉलेजसाठी मी शहरात, मंगळवार पेठेत, सर आणि काकूंच्या वरच्या खोलीत राहतो. सर निवृत्त शिक्षक. भूगोल शिकवायचे. भाडेकरूशी खोलीपुरता संबंध ठेवला असता तरी चाललं असतं, पण पहिल्याच आठवड्यात काकू माझंही ताट खाली मांडू लागल्या आणि जेवण झालं की सर माझ्याकडून इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचून घेऊ लागले. मी अडखळलो की ते थांबायचे. हसले मात्र कधीच नाहीत. याची उतराई कशी व्हायची, मला अजून समजलेलं नाही.

मागच्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र तसाच राहिला. बोटं मिटलेलीच असतात. उघडायची तर दुसऱ्या हातानं एकेक करून उघडावी लागतात. तेव्हापासून सर चारचौघांत काही करेनासे झाले. लग्नाला गेले तरी जेवत नाहीत. घरी कुणी आलं की उजवा हात मांडीवरच्या टॉवेलखाली जातो.

त्यांच्या बेंगळुरूच्या मुलीनं अंदमानची तिकिटं काढली, दोघांची आणि सोबतीला माझं. मी आधी नको म्हणालो. मग बॅगा मी उचलू का, असं काकूंनी विचारल्यावर मी तयार झालो. सरांनी मात्र एकच गोष्ट मागितली. वर्गात इतकी वर्षं बेटं नकाशावर दाखवली, आता तिथल्या समुद्रात होडीतून एक मासा धरायचा. "आणि मी धरणार," ते म्हणाले. "तू नाही." गळ, दोरा, आमिष, सगळं निवडायचं काम माझ्याकडे आलं.

बाजारात गळाचं सामान मिळणाऱ्या दुकानात मी गेलो. दुकानदार मोठ्या आवाजाचा माणूस. अंदमान ऐकताच खूश झाला. "पावणं, समुद्रात जाताय म्हंजे काठी आनि रीळ पायजेच की," म्हणून त्यानं एक लांबलचक काठी माझ्या हातात दिली. मी उजवी मूठ मिटून, काठी काखेत धरून, डाव्या हातानं रीळ फिरवून पाहिलं. काठी सटकली आणि तिचं टोक वर टांगलेल्या छत्र्यांत घुसलं. हाताला काय झालंय, असं त्यानं विचारलं. मला नाही, आमच्या सरांना, असं सांगून मी सगळी हकीकत सांगितली. त्याचा आवाज एकदम खाली आला. काठी त्यानं स्वतःच परत ठेवली, जाड तंगूस काढली, मासे धरायची ती नायलॉनची दोरी, आणि चांगले मजबूत हूक आणि शिशाची वजनं बांधून दिली. दोरा कशावर गुंडाळायचा आणि ते सरांच्या हातात कसं टिकायचं, ते मात्र तुमचं तुम्ही बघा, म्हणाला.

तो प्रश्न घेऊन मी कबनूरला गेलो. वडील म्हणाले, बाटलीला गुंडाळ, सगळे तसंच करतात. करून पाहिलं, पण मिटलेल्या मुठीत बाटली जाईना. बारीक लाकूड घेतलं तर ते फिरून निसटायचं. आई कांडी मशीनवर बसून हे सगळं ऐकत होती. तिनं मशीन थांबवलं. सूत संपलेल्या कोनांचा ढीग बाजूला होता. सूत ज्यावर येतं ते पुढं निमुळते, मागं रुंद असे प्लॅस्टिकचे कोन. त्यातला एक उचलून तिनं त्याचं निमुळतं टोक माझ्या मिटलेल्या मुठीत घातलं आणि घट्ट बसेपर्यंत आत दाबलं. मग रुंद टोक धरून हिसका दिला. कोन हलला नाही.

"मूठ उघडत न्हाय म्हंतोस न्हवं?" ती म्हणाली. "मग मिटल्याली मूठच कामाला लाव की."

वडिलांनी रुंद बाजूला तंगूस नीट गुंडाळून दिली. आमिषाचं त्यांनी स्वतःकडेच घेतलं. शेंगदाण्याची पेंड, कणीक, थोडा गूळ आणि बराचसा हिंग मळून त्यांनी गोळे वळले आणि डब्यात भरले. नदीवर त्यांना हे कधी दगा देत नाही. समुद्राच्या माशाला चालेल का, असं मी घाबरत विचारलं. पोट त्यालाबी हाय की, म्हणाले.

कोन सरांच्या पुढ्यात ठेवताना मला धीर होत नव्हता. त्यांच्या हाताबद्दल घरात कुणी बोलत नसे. सरांनी तो थोडा वेळ पाहिला, कुणी सुचवलं ते विचारलं, आणि आईनं, असं मी सांगितल्यावर डाव्या हातानं उचलून स्वतःच मुठीत दाबून बसवला. मग रोज संध्याकाळी सोप्यात सराव सुरू झाला. दोऱ्याचं दुसरं टोक धरून मी मासा व्हायचो, सर डाव्या हातानं कोनाभोवती दोरा गुंडाळत मला ओढायचे. मी जास्त जोर लावत नाही हे काकूंच्या लक्षात आलं.

"मासा फार मर्यादशील दिसतोय," त्या म्हणाल्या. "जरा उंडारू दे त्याला."

अंदमानात वाऱ्यामुळं होडीचा दिवस पुढं ढकलला गेला आणि नेमका रविवार आला. रविवार जोतिबाचा, आम्हा सगळ्यांच्याच घरी त्या दिवशी मासमच्छी चालत नाही. काकूंनी तोड काढली की धरायला हरकत नाही, खायचा नाही. खायचा नाही तर धरायचा कशाला, असं नावाड्यानं हिंदीत विचारलं. काकूंनी आपल्या हिंदीत जे उत्तर दिलं त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही. होडीत आणखी एक कुटुंब होतं.

मी डबा उघडला. हिंगाचा वास सगळ्या होडीत पसरला. हे तुमचं जेवण का, असं नावाड्यानं अगदी आदरानं विचारलं. मी गोळा हुकाला लावला, सरांनी दोरा सोडला. पाणी इतकं स्वच्छ की गोळा विरघळताना वरून दिसत होता. माशांची रंगीबेरंगी बारकी पोरं येऊन भुगा खाऊन जात होती आणि हूक मोकळाच वर येत होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या कुटुंबातलं कुणीतरी हसलं. कदाचित ते आम्हाला हसले नसतील. पण सरांचा उजवा हात कोनासकट टॉवेलखाली जाताना मी पाहिला. आमिष मी आणलं होतं.

मी सरकत नावाड्याकडे गेलो आणि जमेल तशा हिंदीत सांगितलं की आमचं नदीचं आमिष आहे, ते इथं चालत नाही, तुमच्याकडचं थोडं द्या. त्यानं फळीवर एक माकूल, हॉटेलात स्क्विड म्हणतात ते, कापलं आणि पांढरे, चिवट तुकडे माझ्या ओंजळीत ठेवले. हुकाच्या टोकात तुकडा दोनदा कसा ओवायचा तेही दाखवलं. मी तुकडा लावून हूक सरांच्या समोर धरला. थोड्या वेळानं टॉवेल बाजूला झाला.

दोरा खाली गेला. अचानक कोन सरांच्या मुठीसकट होडीच्या काठाकडे ओढला गेला आणि मी नकळत हात पुढे केला.

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. सर डाव्या हातानं एक वेढा घालायचे, दम खायचे, पुन्हा एक वेढा. मासा उंडारत होता. कोन मुठीत तिरका झाला, पण सुटला नाही. सरांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. काकूंनी पदरानं पुसला. शेवटी एक लालसर मासा पाण्याबाहेर आला, वीतभर लांबीचा असेल. समोरच्या कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. नावाड्यानं हूक काढून मासा सरांच्या डाव्या तळव्यावर ठेवला. सरांनी तो खूप वेळ पाहिला आणि नावाड्याला घरी न्यायला दिला.

त्या वेळी मला कबनूरची आई आठवली, दुकानदार आठवला, आणि पेंडीचे गोळे मन लावून वळणारे वडीलही. या सगळ्यांचे आभार मानावेत असं वाटलं, पण होडीत ते कुणीच नव्हते. समोरच्या बाईंनी वाकून विचारलं की हातात हे काय आहे. सरांनी उजवा हात उंच करून त्यांना नीट दाखवला आणि कोन म्हणजे काय, सूत त्यावर कसं येतं, इचलकरंजी कुठे आहे, ते वर्गात सांगायचे तसं सविस्तर सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बसलास काय? तुकडा लाव. जरा मोठा लाव."